गाडी नक्की कोणत्या सालची? जुन्या फियाट-जीपवरच्या तारखा वाचताना

जुन्या गाड्यांना एचएसआरपी नंबरप्लेट सक्तीची झाल्यापासून एकच गोंधळ वेगवेगळ्या शब्दांत पुढे येतो आहे. प्लेट नोंदवताना चेसिस आणि इंजिन नंबर भरावा लागतो. त्यासाठी वर्षानुवर्षे बंद असलेले बॉनेट उघडले जाते आणि आरसी बुकात एक नंबर, ब्लॉकवर दुसराच, असे दिसते. काहींचा नंबर जुळतो, पण ब्लॉकवर ओतलेली तारीख नोंदणीच्या वर्षभर आधीची निघते. मग प्रश्न सुरू होतात: गाडी कोणत्या सालची धरायची? इंजिन बदललेले आहे का? आम्हाला कोणी फसवले का?

खेड तालुक्यात हा गोंधळ जरा जास्तच दिसतो, आणि त्याला कारण आहे. इथल्या बऱ्याच फियाट आणि जीप मुंबईत नोकरी करून म्हातारपणी गावी आलेल्या. दोन-चार मालक आणि त्याहून जास्त गॅरेज पाहिलेल्या. त्यात आपला पाऊस, खाडीकडून येणारी खारी हवा आणि बाजारपेठेलगत उभ्या गाड्यांना २००५ आणि २०२१ साली जगबुडीच्या पुराने घातलेली आंघोळ. पाट्या गळून पडतात, नंबर गंजात बुजतात, आणि उरलेल्या खुणांवरून जो तो अंदाज बांधतो.

आधी ठरवा, तारीख हवी कशाला?

हे ठरवले की अर्धी डोकेदुखी जाते.

- नंबरप्लेट, नावावर करणे, विमा, नूतनीकरण यांसाठी आरसीवरचे नंबर आणि गाडीवरचे नंबर जुळणे महत्त्वाचे. ब्लॉकवरच्या तारखेशी आरटीओला घेणेदेणे नाही.
- 'व्हिंटेज' नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीची तारीख मोजतात. इंजिन कितीही जुने असो, त्याने गाडीचे वय वाढत नाही.
- विकत घेताना, किंमत ठरवताना किंवा मूळ रूपात आणताना मात्र सगळ्या तारखा लागतात. इथे एकेका तारखेपेक्षा त्यांचा क्रम जास्त बोलतो.

एका गाडीच्या पाच तारखा

कोणत्याही गाडीला एकच जन्मतारीख नसते. क्रमाने पाहिले तर:

1. ओतकामाची तारीख. ब्लॉक, हेड, गिअरबॉक्सचे आवरण साच्यात ओतले तो दिवस. ही अक्षरे उठावदार असतात, बोटाला वर आलेली लागतात.
2. इंजिन जुळणीची खूण किंवा इंजिन नंबर. मशीनने घासून सपाट केलेल्या जागेवर पंचाने ठोकलेला, म्हणजे खोलगट.
3. गाडी जुळणीची खूण. चेसिस नंबर आणि बॉनेटखालच्या रिबिट मारलेल्या पाट्या.
4. विक्रीची तारीख. डीलरचे बिल सापडले तर नशीब.
5. पहिली नोंदणी. आरसीवर असते ती हीच.

ओळीतली तारीख पुढे सरकली पाहिजे, मागे येता कामा नये. ब्लॉक मार्चमध्ये ओतला आणि गाडी जुलैत नोंदली गेली, यात वावगे काही नाही. ब्लॉक १९७८ चा आणि नोंदणी १९७४ ची असेल, तर ते इंजिन त्या गाडीचे मूळचे नव्हे. तिथे वाद नाही.

दोन तारखांतले अंतर किती असावे, याला मात्र ठोकताळा नाही. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती आणि २० वर्षांची मुदत संपून ती ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनीचे उत्पादन २००३ च्या आधीच थांबले होते. म्हणजे आरसीवरचे साल आणि कारखान्यातले साल वेगळे निघाले, तर लगेच कोणावर संशय घेऊ नका. आणि जाता जाता, ती २० वर्षांची मुदत मुंबईतल्या टॅक्सींची आहे. दिल्ली परिसरातली १० आणि १५ वर्षांची बंदी तिकडची आहे. तुमच्या अंगणातल्या खासगी गाडीला यातले काहीच लागू नाही. तिची आरसी १५ वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, एवढेच.

मोठा नंबर म्हणजे नंतरची गाडी?

हा गैरसमज सर्वात चिवट. चेसिस नंबरांची एक मालिका चालते, इंजिन नंबरांची दुसरी. इंजिनांचा साठा आलेल्या क्रमानेच बाहेर काढला जातो असे नाही. मागच्या रांगेतले इंजिन महिनाभर तिथेच राहते आणि कालचे आज गाडीत बसते. त्यामुळे दोन गाड्यांत जिचा चेसिस नंबर लहान, तिचाच इंजिन नंबर मोठा, असे सर्रास आढळते. चेसिस आणि इंजिन नंबर एकच असायला हवा, ही समजूतही बहुतेक गाड्यांना लागू नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या फोर्डच्या जीपवर दोन्ही नंबर एकच असत; त्याच नकाशावर बनलेल्या विलीजच्या जीपवर ते वेगळे असत. ही गोष्ट अर्धवट ऐकून चांगल्या विलीज 'बनावट' ठरवणारे महाभाग आहेत.

आपल्याकडच्या गाड्यांत आणखी एक पीळ आहे. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्या परदेशातून सुट्या भागांच्या पेट्यांतून आल्या आणि इथे जोडल्या गेल्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी सुरू केली. फोर्डचेही मुंबईत काम होते. दोघांनी १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. अशा शेवरोले किंवा फोर्डवर इंजिनाची तारीख अमेरिका-कॅनडातली, जुळणी मुंबईतली आणि मध्ये बोटीचा प्रवास. इथे काही महिन्यांचे अंतर पडणारच.

खुणा वाचण्यापूर्वी

इथे घाई केली तर पुरावाच जातो. मिस्त्रीच्या हातात ग्राइंडर असेल तर आधी तो खाली ठेवायला सांगा.

- रॉकेल किंवा डिझेल लावून तेलाचा थर भिजू द्या. नंतर जुना दातांचा ब्रश किंवा मऊ पितळी ब्रश वापरा. पॉलिश पेपर, फाईल, ग्राइंडर नको. ठोकलेल्या नंबरावर घासल्याच्या ताज्या रेघा दिसल्या की तपासणीत शंका येते, मग तुम्ही कितीही खरे असा.
- नंबराच्या जागेवर खडू चोळा आणि कपड्याने हलकेच पुसा. खोलगट अक्षरांत पांढरे राहते.
- बॅटरीचा उजेड समोरून टाकू नका, बाजूने तिरका पाडा. बुजलेले आकडे उठून दिसतात.
- पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. आरटीओचे लोक घेतात ती पेन्सिल प्रिंट हीच. फोटोही काढा, एक जवळून, एक आजूबाजूचा भाग दिसेल असा.
- गाडी पुरात गेलेली असेल तर गंजावर हातोडी मारू नका. खपली निघते आणि तिच्याबरोबर आकडाही.

सगळ्या खुणा, त्या कुठे सापडल्या त्यासह, वहीत लिहा. नंतर कोणाला विचारायचे झाले तर "इंजिनावर काहीतरी लिहिलंय" एवढ्यावर कोणीच उत्तर देऊ शकत नाही.

फियाट, डिलाइट, पद्मिनी

प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ साली वालचंद हिराचंदांनी उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लर गटाच्या डॉज, प्लायमाउथ, डिसोटो जोडल्या गेल्या. मग फियाट आली: लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हणून लाडावलेली ११००, नंतर १९६४ पासून डिलाइट. तीच गाडी काही काळ प्रेसिडेंट म्हणवून घेत १९७४ पासून पद्मिनी झाली.

या वंशावळीत ओळखीचा घोळ होतो कारण सुटे भाग एकमेकांना चालतात. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन डिलाइटमध्ये फार खटपट न करता बसते, आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारातून 'रनिंग इंजिन' आणून बसवणे हा कित्येक वर्षे रिबोअरपेक्षा स्वस्त उपाय होता. जाळी, दिवे, नावाचे बिल्ले तर केव्हाच इकडचे तिकडे झालेले. म्हणून:

- बिल्ल्यावरून साल ठरवू नका. बॉनेटखालची पाटी, बॉडीत ठोकलेला नंबर आणि आरसी हे तिन्ही एकत्र पाहा.
- पाटीचे रिबिट नीट बघा. पाटी जुनी आणि रिबिट नवे, किंवा रिबिटच्या जागी स्क्रू, असे असेल तर पाटी काढून पुन्हा लावलेली आहे. रंगकामाच्या वेळी असे होते, त्यामुळे तो गुन्हा नव्हे, पण मग पाटीवर एकटीवर विसंबू नका.
- पद्मिनीत डिझेल इंजिन दिसले म्हणून ते बाहेरून बसवले असे धरू नका. '१३७ डी' ही डिझेल पद्मिनी कारखान्यातूनच निघत असे. निर्णय आरसीवरच्या इंधनाच्या नोंदीवर.
- १९९० नंतरच्या दशकातली गाडी असेल तर काम सोपे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १९९३ च्या दुरुस्तीनंतर गाडीवर उत्पादनाचा महिनाही ठोकणे कंपन्यांना बंधनकारक झाले. मात्र महिना-वर्षाची अक्षरे प्रत्येक कंपनीची निराळी. मारुतीचा तक्ता घेऊन पद्मिनी वाचू नका.

जीप

इथे सावकाश चला. कशेडी घाटापासून दापोलीच्या रस्त्यापर्यंत वडाप करून झिजलेल्या जीपमध्ये मूळ काय आणि नंतरचे काय, हे सांगणे कसलेल्या मिस्त्रीलाही जड जाते. चेसिस एका जीपचे, बॉडी पत्रेकाराने नवी ठोकलेली, इंजिन तिसऱ्याच गाडीचे. आणि तरी ती भोस्ते घाट चढते, ही तिची थोरवी.

महिंद्राने स्वातंत्र्यानंतर लगेच विलीज जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत सीजे-३बी हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाले, आपल्याकडे ते पुढे कित्येक वर्षे निघत राहिले. त्यामुळे अमेरिकन तक्ते इथल्या जीपला लावताना जपून. त्या तक्त्यांतलाच एक सापळा सांगतो. अमेरिकेत बनलेल्या सीजे-३बीचा नंबर १९५३ मध्ये '४५३' ने सुरू होई. त्यात ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ५३ म्हणजे साल. १९५४ मध्ये '४५४'. हे कळल्यावर पुढच्या '५७३४८' या सुरुवातीत लोक १९५७ शोधतात. तो मॉडेलचा संकेत आहे, सालाशी त्याचा संबंध नाही. १९५५ ची जीपही तोच आकडा मिरवते.

पेट्रोलच्या हरिकेन इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंपाच्या मागच्या उंचवट्यावर पाहा. युद्धकाळातली जीप असेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर तीन पाट्या असत आणि त्यांतल्या एकीवर सैन्याला गाडी सोपवल्याची तारीख. अशा पाट्या आज नव्या छापून मिळतात. कोरी करकरीत पाटी आणि गंजलेले झाकण अशी जोडी दिसली तर तारखेवर विश्वास ठेवू नका.

डिझेलचा मामला वेगळा. महिंद्राने पूजो कंपनीचे डिझेल इंजिन घेतले ते १९८० च्या सुमारास. एमएम ५४० मध्ये तेच होते. आरसीवर १९६८ आणि बॉनेटखाली पूजो, तर इंजिन बदललेले आहे हे तारीख न शोधताही कळते. प्रश्न उरतो तो नोंदीचा, त्याकडे पुढे येऊ.

सैन्याच्या लिलावातली जीप असेल तर आणखी एक पेच. बनली १९६५ ला, लिलावात निघाली समजा १९८२ ला, आणि मुलकी नोंदणी झाली ती तेव्हाच. आरसीवर उत्पादनाचे वर्ष आणि नोंदणीची तारीख यांत १७ वर्षांची दरी. ही फसवणूक नव्हे. लिलावाचे कागद मात्र जिवापाड जपा. त्या दरीचा खुलासा करणारा तोच एक पुरावा असतो.

शेवरोले आणि तिची भावंडे

या तालुक्यात त्या विरळाच, म्हणून थोडक्यात. जनरल मोटर्सच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख बहुधा एक अक्षर आणि आकडे अशी असते: 'ए' म्हणजे जानेवारी, तिथून 'एल' म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग सालाचा फक्त शेवटचा आकडा. 'सी १२ ८' म्हणजे १२ मार्च, पण १९३८ की १९४८? हे ब्लॉक सांगत नाही, मॉडेल सांगते. नुसत्या तारखेवर किंमत वाढवून मागणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारा.

छोटे भाग, मोठी साक्ष

इंजिन बदलले तरी लोक डायनॅमो, स्टार्टर, वायपर मोटर बहुधा जुनीच ठेवतात. लुकासच्या अशा भागांवर महिना-साल ठोकलेले सापडते. '३ ६५' म्हणजे मार्च १९६५. पुढे महिन्याऐवजी आठवडा आला: '२१ ७२' म्हणजे १९७२ चा एकविसावा आठवडा. पहिला आकडा १२ पेक्षा मोठा असेल तर तो आठवडाच. अॅल्युमिनियमच्या ओतीव भागांवर कधी घड्याळासारखी गोल खूण असते, बाण महिन्याकडे आणि साल मध्ये. तीन-चार भाग एकाच हंगामाचे निघाले आणि ब्लॉक एकटाच वेगळा, तर कौल ब्लॉकच्या विरुद्ध. टायरवरच्या तारखेला मात्र इथे काही किंमत नाही.

नंबर जुळला नाही तर

तीन शक्यता, आणि तिन्हींची वाट वेगळी.

*आरसीत लिहिताना चूक झाली.* हस्तलिखित आरसी संगणकावर चढवताना एखादा आकडा गळतो किंवा इंग्रजी 'बी' चा ८ होतो. जुनी आरसी, जुनी विमा पॉलिसी, बिल आणि पेन्सिल प्रिंट घेऊन दुरुस्तीचा अर्ज करा. गाडीची नोंद ऑनलाइन दिसतच नसेल तर आधी 'बॅकलॉग एंट्री' मागा. जिथे पहिली नोंदणी झाली त्या कार्यालयाच्या मूळ रजिस्टरवर सगळे अवलंबून असते. एक लक्षात ठेवा: १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग हा रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता, त्यामुळे कुडाळ-मालवणकडची जुनी गाडी रत्नागिरीच्या रजिस्टरात सापडू शकते.

*इंजिन बदलले, पण नोंद केली नाही.* मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे परवानगीविना इंजिन बदलले असेल तर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीत नोंद करून घ्यायची असते. तुमच्या आधीच्या मालकाने ते केले नसेल तर आता तुम्हीच पुढे व्हा. बसवलेल्या इंजिनाचे बिल, ते ज्या गाडीचे होते तिचे कागद जे मिळतील ते जोडा. पेट्रोलच्या जागी डिझेल असा बदल असेल तर सहज होकार मिळेल असे धरू नका. मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाला छेद देणारे बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

*नंबर गंजून गेला.* आरटीओच्या लेखी परवानगीने तो पुन्हा ठोकून मिळतो. परवानगीआधी नव्हे. "दोन मिनिटांचं काम, पंच आहे माझ्याकडे" असे म्हणणारा मिस्त्री तुमचा हितचिंतक असेलही, पण नंबर बनवणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि पकडली जाईल ती गाडी, म्हणजे तुम्ही.

चौथी शक्यता अप्रिय आहे: इंजिन किंवा गाडी चोरीची असणे. व्यवहाराआधी एनसीआरबीच्या पोर्टलवर चेसिस आणि इंजिन नंबर टाकून चौकशी करता येते. ती आधीच करा.

व्हिंटेज नोंदणी: कोणाला परवडते?

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, खासगी वापराची, मूळ रूपातली दुचाकी-चारचाकी 'व्हिंटेज' ठरते. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी २०२४ पासून या उंबरठ्यावर आल्या आहेत.

- परिवहन पोर्टलवर फॉर्म २० भरायचा. सोबत आरसी आणि विमा, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री.
- नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,०००. मुदत १० वर्षे.
- नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. आधीच नोंदलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. जुन्या तीन अक्षरी नंबराचा अभिमान असेल तर हे विसरू नका.
- चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले असतील तर अर्ज अडतो. तारखांचा क्रम कामी येतो तो इथे: त्याच काळातले, त्याच जातीचे इंजिन आहे हे फोटो आणि प्रिंटसह दाखवता आले पाहिजे.

आणि तोटा. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन यांसाठीच रस्त्यावर काढता येते. रविवारी भरणे नाक्यावर मासळी आणायला फियाट नेत असाल, तर या भानगडीत पडू नका. साधे नूतनीकरणच बरे. लिलावातल्या जीपवाल्यांनी तर अर्जाआधी लेखी विचारावे, कारण नियमाच्या शब्दांप्रमाणे ५० वर्षे मुलकी नोंदणीपासून धरली जाऊ शकतात.

गाडी अजून आजोबांच्याच नावावर असेल तर

खेडमधल्या जुन्या गाड्यांची ही नेहमीची अडचण. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचे आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ ने नावावर करायचे, असा नियम. ती मुदत वीस वर्षांपूर्वीच टळली असेल तरी मार्ग बंद होत नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रे, इतर वारसांची संमती आणि दंड. गाडी मुंबईच्या पत्त्यावर असेल तर पत्ताबदलही त्याच वेळी करा, राज्य तेच असल्याने नंबर बदलावा लागत नाही.

कार्यालयाने तोंडी "रेकॉर्ड सापडत नाही" सांगितले तर तेवढ्यावर परतू नका. तुमच्याच गाडीच्या नोंदणीचा उतारा माहितीच्या अधिकारात मागता येतो: अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. अर्जात जुना नंबर, नोंदणीचे अंदाजे साल आणि चेसिस नंबर तिन्ही लिहा. रजिस्टर सालवार लावलेली असतात, नुसत्या नंबरावरून शोधणाऱ्याला ते पान लवकर सापडत नाही. रत्नागिरीला हेलपाटा घालण्याआधी तालुक्यातल्या आरटीओ शिबिराची तारीख विचारून घ्या, आणि गाडी चालती नसेल तर पेन्सिल प्रिंटच्या दोन प्रती बरोबर ठेवा. एक अर्जाला लागेल, दुसरी परत मागायला तुम्ही विसराल.